जुन्या सफारीला मोठे टायर: टाकावेत की नाही?

घाटवेडा
गाडी २००९ ची सफारी डायकोर २.२, फोर बाय फोर. मीटरवर १ लाख ८२ हजार. पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा री-पासिंग आणि हरित कर दोन्ही भरून मोकळा झालो, त्यामुळे ही आता इतक्यात घर सोडत नाही. टायर मात्र संपलेत. कंपनीचं माप २३५/७० आर१६ (रुंदी २३५ मिलीमीटर, कडेची उंची तिच्या ७० टक्के, रिम १६ इंची). मी २६५/७० आर१६ चे ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे) टाकायचं म्हणतोय. घरात धाकटा भाऊ विरोधात, गॅरेजवाला बाजूने (त्याला काय, बिल होतंय).

चौकात मिरवायला नकोत मला. वेल्ह्याच्या पुढे केळदकडे आमचं जाणं-येणं असतं. पावसाळ्यात आतल्या कच्च्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा मागच्या ॲक्सलच्या गोळ्याला (डिफरन्शिअलला) घासतो. लोक म्हणतात सस्पेन्शन उचल. अरे, स्प्रिंग कितीही उंच घातली तरी गोळा ॲक्सलवरच बसलेला, तो जमिनीपासून तेवढाच राहणार. त्याला उचलतो फक्त टायर. जुन्या टायरची उंची ७३५ मिलीमीटर, नव्याची ७७७. निम्मे धरले तर गोळा २१ मिलीमीटर वर जातो. बोला आता.

पासिंगवाला
गोळ्याचं गणित बरोबर आहे, पण बाकीचं कोण बघणार? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पाच वर्षांनी पुन्हा पासिंगला गाडी उभी कराल तेव्हा जुने टायर कुठून आणणार? भाड्याने?

आडवाटेने
साहेब, घाबरवू नका हो. कलम ५२ मध्येच खाली 'बदल' या शब्दाचा अर्थ दिलाय: गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं. टायरचा आकार त्यात कितपत बसतो यावर वाद होऊ शकतो. चेसी कापून पिकअप करणं वेगळं आणि टायर एक माप वाढवणं वेगळं.

मी माझ्या सफारीला २४५/७५ आर१६ टाकून ४० हजार किलोमीटर फिरवलेत. कुठेही घासत नाही.

पासिंगवाला
वाद होऊ शकतो हे मान्य. तो वाद रस्त्यात हवालदाराशी घालायचा की विम्याच्या सर्व्हेअरशी, एवढंच ठरवा. आमच्या मावसभावाच्या गाडीचा अपघाताचा क्लेम याच कारणाने चार महिने लटकला होता. रिम रुंद, टायर मडगार्डच्या बाहेर, आणि विमा कंपनीला काही कळवलेलं नाही. शेवटी मिळाला, पण कापून.

हबबेअरिंग
कायदा राहू द्या बाजूला, मी हात काळे करणारा माणूस. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, गिअरिंग. उंची ५.७ टक्के वाढली म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. इंजिनाला १४० अश्वशक्ती आहे, मान्य, पण ती नव्या इंजिनाची. १ लाख ८२ हजारांनंतर दोन टनांच्या घरातली गाडी वरंध्याच्या चढात दुसऱ्या गिअरवर नेताना टर्बो धरेपर्यंत तुम्ही क्लच जाळत बसणार. क्लचची प्रेशर प्लेट कधी बदलली होती?

दुसरी, ब्रेक. डिस्क तीच, कॅलिपर तेच, चाक मात्र मोठं आणि जड. आमच्याकडे दोन्ही मापांचे ऑल टेरेन टायर काट्यावर ठेवून बघितले, एकामागे चार किलोंचा फरक भरला. तेही कडेला, फिरणारं वजन.

तिसरी गोष्ट कुणी बोलतच नाही. या गाडीला पुढे टॉर्शन बार आहेत, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारे पिळाचे दांडे. मोठा टायर घासायला लागला की गॅरेजवाला बार पिळून नाक वर करतो. दिसायला झकास. मग वरचा आर्म खाली लोंबतो, खड्ड्यातून उतरताना चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि गाडी ठक्क करून आपटते. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेअरिंग, सगळ्यांची रांग लागते. त्यावर कुणी बाहेर निघणाऱ्या ऑफसेटची रिम नाहीतर स्पेसर (चाक बाहेर ढकलणारी चकती) लावला की विचारूच नका. १६ वर्षं जुने रबरी बुश आहेत ते, आधी त्यांना विचारा झेपतंय का.

घाटवेडा
क्लच १ लाख ४० हजारांना बदललाय. बुश पुढचे नवे, मागचे जुनेच.

काळं_रान
वाळवा तालुक्यातून रामराम. तुमचं सगळं गणित दगडाचं दिसतंय. आमच्या काळ्या मातीत रुंद टायर आणून बघा एकदा. ऊसतोडीच्या दिवसांत फडातून येणारा रस्ता म्हणजे नुसता राडा. रुंद टायर वर तरंगतो, खोबणी मातीनं भरते आणि गाडी नांगरासारखी आडवी जाते. अरुंद टायर माती कापून खालच्या कडक थराला धरतो. जुन्या जीपगाड्यांचे टायर आठवा, कसले बारके होते! आमच्या बोलेरोला २१५/७५ आर१५ आहे, तेवढ्यावर आजवर अडलो नाही. अडलो ते एकदा, टायर गुळगुळीत होते म्हणून.

वाळूतला_मावळा
इथे अबूधाबीत उलटं आहे दादा, वाळूत टायर तरंगलाच पाहिजे. पण त्यासाठीही आम्ही आधी टायर बदलत नाही, हवा काढतो. ३२ पीएसआयची १५ ते १८ वर आणली की तोच टायर पसरतो, लांब होतो, गाडी निघते. डांबरावर यायच्या आधी पुन्हा भरायची, नाहीतर कडा गरम होऊन टायर फाटतो. हवा भरायचा छोटा पंप नव्या रिमपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

टोलनाका
मीटरचं कुणीच बोललं नाही? नवे टायर टाकल्यावर काटा ९५ दाखवेल तेव्हा गाडी १०० ला असेल. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कॅमेरे आहेत. घाटात मर्यादा ६०, काट्यावर ६० धरून चाललात तर चलन घरी हजर.

आडवाटेने
हे अर्धसत्य. कंपनीचा स्पीडोमीटर मुळातच वेग वाढवून दाखवतो. फोनवर जीपीएस लावून बघा. माझा काटा कंपनीच्या टायरवर १०० दाखवायचा तेव्हा खरा वेग ९५ असायचा. मोठे टायर टाकल्यावर माझं मीटर आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललं.

ॲव्हरेजचंही तेच. लोक रडतात की साडेदहाचं साडेनऊ झालं. अरे, मीटरच किलोमीटर कमी मोजतंय. घाटवेड्याच्या मापाने साडेनऊचे खरे दहा होतात. तोटा आहे, पण बोंब मारतात त्याच्या निम्मा.

हबबेअरिंग
हे मात्र बरोबर बोललात. पण मग सर्व्हिसही किलोमीटर बघून उशिरा कराल, तेवढं लक्षात ठेवा.

आणि घाटवेडा, २६५ ला रिम किमान ७ इंच रुंद हवी. रुंदीचा आकडा रिमवरच उठवलेला असतो, चाक काढून बघा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग आधी झिजतो.

घाटवेडा
रविवारी मित्राकडे जाऊन त्याचं २६५ चं चाक रिमसकट माझ्या गाडीला पुढे लावलं. सरळ उभी असताना देखणी दिसत होती, खोटं कशाला बोलू. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं आणि मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर खर्रर्र. उजवीकडेही तेच. मित्र म्हणतो, "मीही पूर्ण वळवतच नाही." केळदच्या वळणांवर पूर्ण वळवायचं नाही म्हणजे दरीत जायचं का?

मग कागद-पेन घेतलं. आडवाटेने यांचं २४५/७५ भरतं ७७४ मिलीमीटर. म्हणजे उंचीत २६५ पेक्षा जेमतेम तीन मिलीमीटर कमी, आणि रुंदी कंपनीपेक्षा फक्त दहाने जास्त. गोळा १९ मिलीमीटर वर जातो आणि काळं रानवाल्यांचा अरुंद टायरही थोडाफार पाळला जातो. हेच घेतोय. टॉर्शन बारला हात लावणार नाही. मागचे बुश आधी.

पासिंगवाला
म्हणजे विचारलं आम्हाला आणि करणार मनातलंच! गिअरिंग, ब्रेक, मीटर, सगळं पाच टक्क्यांनी तसंच बिघडलेलं राहणार. कंपनीच्याच मापात चांगला ऑल टेरेन मिळतो, खोबणी खोल, कडा जाड. निदान विमा कंपनीला पत्र द्या.

घाटवेडा
पत्र देतो. बाकी दंड लागला तर धाग्यावर पावती टाकीन.

टोलनाका
टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. असले पडून राहिलेले टायर "सवलतीत" गळ्यात मारतात.

काळं_रान
आणि चार घेताय का पाच?

घाटवेडा
चारच. स्टेपनी जुनी चांगली आहे, एकदाही लागली नाही.

हबबेअरिंग
अहो, फोर बाय फोर म्हणताय ना! रानात पंक्चर झालं, लहान स्टेपनी चढवली आणि तशाच गाडीत फोर व्हील टाकलं तर पुढचं-मागचं वेगवेगळ्या गतीने फिरणार आणि ताण सगळा ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर. पाचवा टायर घ्या. आणि तो मागच्या दरवाजावर टांगण्याआधी दरवाजाच्या बिजागऱ्या बघून घ्या, आत्ताच खाली बसलेल्या असतील.

घाटवेडा
बसल्यात. दरवाजा उचलून लावावा लागतो. पाचव्या टायरचं भावाला अजून सांगितलेलं नाही.