मदत हवी आहे : तंजावर आणि कावेरीकाठची गावे, स्वतःच्या गाडीने

नमस्कार.

येत्या जानेवारीत मी, माझे यजमान आणि साताऱ्याहून आमच्याकडे येणारे माझे सासू-सासरे असे चौघे बेंगळुरूहून स्वतःच्या गाडीने तंजावरला जाण्याचा विचार करीत आहोत. हाताशी साधारण आठवडाभराची सवड आहे. बृहदीश्वराचे मंदिर, राजवाडा आणि सरस्वती महाल हे जुने ग्रंथालय पाहून दुसऱ्या दिवशी मदुराईकडे निघणाऱ्यांची प्रवासवर्णने पुष्कळ वाचली. आम्हाला मात्र राजधानीइतकाच तिच्या भोवतालचा भातशेतीचा, कालव्यांचा आणि नदीकाठच्या गावांचा मुलूख पाहायचा आहे, कारण चोळ असोत, नायक असोत की आपले भोसले, ही सगळी राज्ये ज्या धान्यावर उभी राहिली ते याच मुलखात पिकत होते.

मुख्य अडचण वेळेची आहे. तिकडची बहुतेक मंदिरे दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि चार वाजता पुन्हा उघडतात. त्यामुळे सकाळी मंदिर, दुपारी गाडीने गावे आणि कालवे, आणि संध्याकाळी पुन्हा मंदिर असा क्रम मी मनाशी धरला होता. परंतु अंधार पडल्यावर अनोळखी ग्रामीण रस्त्यांवर गाडी चालवायची नाही, हे आमचे आधीच ठरलेले आहे, आणि जानेवारीत सव्वासहाच्या आतबाहेर सूर्यास्त होत असल्याने लांबच्या मंदिरासाठी संध्याकाळचे जेमतेम दोन तास उरतात. त्यातून परतीचा वेळ वजा केला की हाती फारसे काही लागत नाही. म्हणून लांबची ठिकाणे सकाळी आणि मुक्कामाच्या गावातली मंदिरे संध्याकाळी अशी उलट मांडणी करावी, असे आता वाटू लागले आहे. असा प्रवास ज्यांनी केला आहे त्यांनी ही मांडणी व्यवहारात जमते का, ते कृपया सांगावे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, शिवाय जानेवारीतसुद्धा अकरानंतर प्रांगणातली फरसबंदी अनवाणी पायांना चटके देते असे ऐकले आहे, त्यामुळे सकाळी लवकर निघणे तसेही भाग आहे.

मुक्काम कुठे करावा हा दुसरा प्रश्न आहे. तंजावर ते कुंभकोणम हे अंतर सुमारे 40 किलोमीटर असून दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर कुंभकोणमला लागूनच आहे. राजेंद्र चोळाने अकराव्या शतकात आपली राजधानी तंजावरहून जिथे हलवली ते गंगैकोंडचोळपुरम त्याच्याही उत्तरेला आहे. पुढे सुमारे अडीचशे वर्षे चोळांची राजधानी असलेल्या या नगराच्या जागी आज एक भव्य मंदिर आणि भोवती एक लहानसे गाव एवढेच उरले आहे, म्हणून ते मला कोणत्याही परिस्थितीत वगळायचे नाही. तिथल्यासाठी दोन रात्री कुंभकोणमला राहावे, की सगळे दिवस तंजावरलाच राहून सकाळी सहाला निघावे? कुंभकोणमच्या देवळांभोवतीच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि गाडी लावायला जागा मिळत नाही असे दोन-तीन ठिकाणी वाचले, त्यामुळे माझा कल तंजावरकडे आहे. सासऱ्यांचे मत अर्थातच वेगळे आहे, आणि त्यामागे कुंभकोणमच्या डिग्री कॉफीचा वाटा मोठा असावा. गंगैकोंडचोळपुरमला जाताना अणैक्करै येथे कोळ्ळिडम या कावेरीच्याच उत्तरेकडच्या फाट्यावरचा जो जुना, अरुंद पूल लागतो, त्यावरून लहान गाड्यांची ये-जा सध्या सुरळीत आहे का, हेही कळले तर बरे होईल.

आता ज्या भागासाठी हा सगळा खटाटोप आहे त्याविषयी लिहिते. तंजावरहून तिरुवैयारू अवघे तेरा-चौदा किलोमीटर आहे, पण तेवढ्या अंतरात वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी असे एकामागून एक पूल ओलांडावे लागतात. कावेरीच्या पाण्याची वाटणी कशी होते, हे समजण्यासाठी याहून सोपा रस्ता नसावा. तिथे कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. तिरुवैयारूहून पुढे तिरुमानूरचा पूल ओलांडून कोळ्ळिडमच्या उत्तर काठाने गेले की तिरुमळपाडी लागते. आपल्या इतिहासग्रंथांत तिरुमलवाडी म्हणून येणारे गाव ते हेच. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, 1677 मध्ये, शिवाजी महाराजांचा तळ इथे पडला होता, त्यांचे सावत्र भाऊ, तंजावरचे व्यंकोजीराजे त्यांच्या भेटीला आले होते आणि वडिलांच्या जहागिरीच्या वाटणीची बोलणी फिसकटल्यावर एका रात्री नदी उतरून तंजावरला निघून गेले होते. गावात वैद्यनाथाचे जुने मंदिर आहे हे ठाऊक आहे, परंतु नदीच्या पात्रापर्यंत गाडी जाते का आणि सासूबाईंना थोडे टेकता येईल अशी सावलीची जागा काठावर आहे का, याविषयी कुठेही माहिती मिळाली नाही.

कल्लणै धरण त्रिचीच्या बाजूला असल्याने ते तंजावरला जातानाच पाहावे असा बेत आहे. करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बंधाऱ्यापासूनच कालव्यांचे जाळे सुरू होते, त्यामुळे आधी ते आणि मग खालची शेते हा क्रम मला योग्य वाटतो. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे पाणी नेहमीच्या वर्षी 12 जूनला सोडतात आणि 28 जानेवारीला बंद करतात, म्हणजे कालवे वाहते दिसावेत. मात्र त्याच सुमारास सांबा हंगामाचे भात कापणीला येते आणि गावोगावी शेतकरी धान रस्त्यावरच वाळत घालतात. अर्धा रस्ता धानाने व्यापलेला, समोरून कापणीचे यंत्र येते आहे आणि शेजारी कालवा, अशा वेळी गाडी कोणत्या बाजूला घ्यायची हा प्रश्न चालवणाऱ्याला, म्हणजे मला, आतापासूनच पडला आहे. धानावरून गाडी घातलेली तिथल्या लोकांना चालते, की थांबून विचारण्याची रीत आहे?

दक्षिणेकडे पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर ओरत्तनाडू येथे सरफोजीराजांनी बांधलेले मुक्तांबाळ छत्र, म्हणजे वाटसरूंसाठीची धर्मशाळा, आहे आणि त्याच दिशेने समुद्रापर्यंत गेले की मनोरा हा बुरूज आहे, जो त्यांनी नेपोलियनच्या पराभवानिमित्त 1814-15 च्या सुमारास उभारला. तंजावरच्या मराठी राजाने युरोपातल्या लढाईसाठी बंगालच्या उपसागराच्या काठी मनोरा बांधावा, ही गोष्टच मला तिकडे ओढते आहे. जाऊन-येऊन जवळपास 130 किलोमीटर होतात. दोन्ही वास्तू आज आतून पाहता येतात का, की बाहेरूनच पाहून परतावे लागते?

सासऱ्यांना मोडी उत्तम वाचता येते. सरस्वती महालाच्या संग्रहालयात मांडून ठेवलेल्या वस्तूंवर त्यांचे समाधान होणार नाही हे उघड आहे. तिथली मोडी कागदपत्रे पाहायची असल्यास किती आधी आणि कोणाकडे अर्ज करावा लागतो, हे कोणी सांगू शकेल का? मोठ्या मंदिराच्या, म्हणजे बृहदीश्वराच्या, भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास सांगणारा 1803 चा मराठी शिलालेख आहे. त्याच्याजवळ उभे राहून तो सावकाश वाचता येतो की मध्ये कठडा घातला आहे, हेही त्यांनी आवर्जून विचारायला सांगितले आहे.

जाण्याचा मार्ग होसूर, कृष्णगिरी, सेलम, नामक्कल असा ठरला आहे. धर्मपुरी ओलांडल्यावरचा तोप्पूरचा उतार अवघड आहे याची कल्पना आहे, तो उजेडातच पार करू. नामक्कलनंतर मात्र दोन पर्याय दिसतात : करूरवरून कावेरीच्या दक्षिण काठाने, किंवा तोट्टियम-मुसिरीवरून उत्तर काठाने. नकाशावर वेळेत फारसा फरक नाही. रस्त्याची स्थिती आणि वाटेत स्वच्छ प्रसाधनगृहे मिळणे या दोन गोष्टी पाहता कोणता काठ निवडावा?

शेवटचा प्रश्न तारखांचा आहे. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मंदिरातल्या नंदीला भाज्या-फळांनी सजवतात, ते पाहण्याची सासूबाईंची फार इच्छा आहे. परंतु त्या दिवसांत बेंगळुरूहून तामिळनाडूकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग कशी लागते हे आम्ही जाणतो, आणि पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूत त्यागराज आराधनेची, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीच्या संगीतोत्सवाची, गर्दी असते ती वेगळीच. सणाच्या दोन दिवस आधीच तंजावर गाठून आराधनेपूर्वी परतावे, की हे दोन्ही सोडून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निवांत जावे? खोल्या लवकर भरतात असे दिसते, तेव्हा निदान या एका प्रश्नावर आपला अनुभव शक्य तितक्या लवकर कळवावा, ही विनंती.