जाळी मागे धरा
नांगीचा चिमटा बसेल म्हणून मुलांना क्रेफिशपासून, म्हणजे ओढ्यातल्या झिंग्यासारख्या नांगीवाल्या जीवापासून, लांबच ठेवावं असं म्हणतात, ते मला काही पटलं नाही. नांग्यांच्या मागे, पाठीच्या कवचाला दोन्ही बाजूंनी धरलं की त्याला बोटापर्यंत पोहोचताच येत नाही. आमच्या धाकटीला हे एका दुपारीच जमलं. मला दोन चिमटे खावे लागले! पकडायला ओढ्यातला दगड हळूच उचलायचा, गढूळपणा ओसरू द्यायचा आणि जाळी शेपटीमागे धरायची. घाबरला की तो शेपटी झटकून मागेच उसळतो, थेट जाळीत. शेपटीखाली अंड्यांचा घोस दिसला तर मादीला लगेच सोडा. आणि पकडलेला जीव दुसऱ्या ओढ्यात कधीच सोडू नका, त्याने रोग पसरतात. उचललेला दगडही होता तसाच ठेवा, त्याखाली चतुरांची पिल्लंही असतात.