समॅमिश नदी: मेरीमूर ते केनमोर कयाकने, ऑगस्टमध्ये

प्रश्न
अमेरिकेत सिएटलजवळच्या समॅमिश तळ्यातून निघून समॅमिश नदीने केनमोरला, लेक वॉशिंग्टनपर्यंत जायचा विचार आहे. सोबत ११ वर्षांची मुलगी. २२ किमीच्या आसपास अंतर, म्हणजे प्रवाहाबरोबर तीन तास पुरतील ना? नदीच्या सुरुवातीला मेरीमूर पार्कपाशी बंधारा आहे, त्यावरून कयाक जाते का? गाडी एकच आहे.

वल्हेवाला
तीन तास विसरा, पाच-सहा धरा. प्रवाह नावालाच आहे. १९१६ मध्ये लेक वॉशिंग्टन समुद्राला जोडणारा शिप कॅनॉल झाला आणि तळं नऊएक फूट उतरलं, मग साठच्या दशकात आर्मी कोअरने (लष्कराच्या अभियंता विभागाने) पूर उतरावा म्हणून नदी सरळ आणि खोल केली. रुंद चर आणि उन्हाळ्याचं थोडंसं पाणी, मग वेग येणार कुठून? त्यात त्या कॅनॉलवरच्या बॅलर्डच्या लॉक्समुळे (पाणी अडवणाऱ्या दरवाजांमुळे) लेक वॉशिंग्टनची पातळी उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा जवळपास दोन फूट वर असते. ते पाणी मुखातून आत फुगतं, त्यामुळे शेवटाकडच्या बॉथेल गावानंतर प्रत्येक मीटर हातांनीच कापायचा. नदी वाहते उत्तरेला आणि उन्हाळ्यात दुपारी वाराही बहुधा उत्तरेचाच, म्हणजे तोंडावर. सकाळी सातला पाण्यात असा.

काठावरून
बंधाऱ्यावरून नेऊ नका. पाणी कमी असलं की कयाकचा तळ दगडांना घासतो आणि ती आडवी फिरते. अलीकडेच काठाला लागा, उचलून पलीकडे न्या. खरं तर मुलगी सोबत असताना बंधाऱ्याच्या खालूनच सुरुवात करा, त्या वरच्या तुकड्यात शेवाळ-गवतच जास्त.

लाइफ जॅकेट तिने अंगात घातलेलंच हवं, छोट्या बोटीत १२ वर्षांपर्यंत तसा कायदाच आहे. तुमचंही निदान बोटीत हवंच.

गाडीचं सोपं आहे. आदल्या दिवशी केनमोरला सायकल कुलूप लावून ठेवा. मुलीजवळ कोणी थांबणारं हवं, मग तुम्ही नदीकाठच्या डांबरी ट्रेलने मेरीमूरला जाऊन गाडी आणा. चढ जवळपास नाहीच.

वल्हेवाला
सायकलचं पटलं. थकलात तर वुडिनव्हिल किंवा बॉथेल लँडिंगला बाहेर पडता येतं.

ओढाप्रेमी
एक राहिलं. समॅमिश तळ्याचं वरचं, तापलेलं पाणीच नदीत येतं, उन्हाळ्यात २० अंशांच्या वर जातं. ऑगस्टअखेर सामन मासे अंडी घालायला नदीत वर चढू लागतात आणि बेअर क्रीकसारख्या ओढ्यांच्या तोंडाशी, गार पाण्यात दम खातात. तिथे मध्यातून, वल्हं न आपटता निघून जा. त्यातली चिनूक ही जात १९९९ पासून संरक्षित आहे.