ताईच्या फाईलवरचे कोजेव्हनिकोव कोण?

जांबोटीकर:
नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा हात गेले दोन महिने उडतोय. अंगठा आणि मनगट, सेकंदाला एकदा-दोनदा, दिवसरात्र. शुद्ध पूर्ण हाय, बोलते, हिशेब सांगते. झोपेतसुद्धा हात थांबत नाही. रात्रभर काचेच्या बांगड्या वाजायच्या. शेवटी आईनं रडत रडत साबण लावून त्या हातातल्या काढल्या. सवाष्ण लेक, म्हणून डाव्या हातातल्या तशाच ठेवल्या.

गावात बाहेरचं म्हणाले, गाऱ्हाणं घालून झालं. एका डॉक्टरनं तर तोंडावर सांगितलं, हे सोंग हाय. ते ताईला फार लागलं. बेळगावच्या न्यूरोलॉजिस्टनी एमआरआय केला, गोळ्या बदलल्या आणि फाईलवर लिहिलं, ‘एपिलेप्सिया पार्शियालिस कंटिन्युआ’, म्हणजे अंगाच्या एकाच भागात न थांबता चालणारी फिट, खाली ‘कोजेव्हनिकोव’. ताई विचारते, हा कोण? मला सांगता येईना.

निपाणीचा पोरगा:
दादा, मी मॉस्कोत एमबीबीएस केलं. तिथं रोसोलिमो रस्त्यावर ११ नंबरला मज्जाविकारांचं क्लिनिक आहे, त्याला कोजेव्हनिकोवांचंच नाव आहे. बाहेर बर्फ असायचं, बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आम्ही आत जायचो. ज्यांचं नाव रस्त्याला आहे ते रोसोलिमोही त्यांचेच विद्यार्थी.

अलेक्सेई याकोव्लेविच कोजेव्हनिकोव. जन्म १८३६, र्‍याझानचा. १८५८ ला मॉस्को विद्यापीठातून डॉक्टर झाले. १८६९ ला मॉस्कोच्या एका जुन्या रुग्णालयात त्यांनी मज्जासंस्थेच्या रोग्यांसाठी वेगळा विभाग मिळवला. त्या विषयाची रशियातली सुरुवात तिथली. पुढं १८९० ला देविच्ये पोल्ये भागात स्वतंत्र क्लिनिक उभं राहिलं. मनोविकारांचा भाग त्यांनी आपल्या शिष्याला, कोर्साकोवला सोपवला. कोर्साकोव १९०० मध्ये गुरूच्या आधीच गेला. त्याच्या नावाचं मासिक १९०१ ला निघालं, ते अजून चालू आहे. गुरू १९०२ ला गेले.

आता ताईचं. जानेवारी १८९४ मध्ये मॉस्कोच्या वैद्यकीय सभेत त्यांनी चार रोगी मांडले. मोठ्या फिटा येऊन जायच्या, पण मधल्या काळातही हातापायाचे झटके सुरूच. दुखणं मेंदूच्या वरच्या थरात आहे, असं त्यांनी सांगितलं. १८९५ ला ते जर्मन नियतकालिकात छापून आलं. असल्या झटक्यांना हिस्टेरिया म्हणून मोकळं होणं त्या काळी सोपं होतं. त्यांनी हात बघत बसायचं पत्करलं. ताईला हे जरूर सांगा.

आक्का, बेळगाव:
बाळा, मी तीस वर्षं ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचे आलेख, काढले. तुझ्या ताईसारख्यांचा आलेख कधी कधी अगदी स्वच्छ येतो, कारण बिघडलेला तुकडा लहान असतो. म्हणून आलेख चांगला आला तर सोंग म्हणायचं नसतं. एक विचारते, रक्तातली साखर बघितली काय? साखर फार चढली तरी असाच हात उडतो, आणि ती उतरवली की थांबतो. क्षयाची गाठ, मेंदूतले कृमी हेही डॉक्टर बघतीलच. मनानं गोळी बंद करू नका. एक डोस चुकला तरी महागात पडतं.

चंदगडचा:
ह्याचा माकडतापाशी संबंध असतो काय? आमच्याकडचे, खानापूरकडचे लोक काजूच्या कामाला गोव्याला जातात, गोचीड चावतात.

निपाणीचा पोरगा:
रशियात हा आजार गोचिडीच्या मेंदूज्वरानंतर पुष्कळ दिसला. तो विषाणू १९३७ ला झिल्बर या शास्त्रज्ञाच्या पथकाला तिथल्या अतिपूर्वेकडं सापडला. आपल्या माकडतापाचा विषाणू १९५७ ला शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, आणि तो त्याच गोतातला निघाला. म्हणून सुरुवातीला रशियन विषाणूची लस इथं देऊन पाहिली होती, ती लागू पडली नाही. पण ताईला जोराचा ताप आला नसेल तर उगाच हा धागा जोडू नका. गोचीड आणि ताप, दोन्ही असेल तर मात्र डॉक्टरांना सांगाच.

जांबोटीकर:
ताप नव्हता, गोचीडही नाही. आत्ताच ताईला सगळं वाचून दाखवलं. चार रोग्यांचं आलं तिथं तिनं मला थांबवलं, परत वाचायला लावलं. मग म्हणाली, “म्हणजे मी एकटी न्हवं.” आई चुलीजवळून ऐकत होती, तिनं पदर डोळ्याला लावला. साखर तपासल्याचं फाईलमध्ये दिसत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं बेळगाव गाठतो. आक्का, तुमचं नाव सांगून विचारू काय डॉक्टरांना?

आक्का, बेळगाव:
नाव कशाला. साखर बघायची आहे म्हण, उपाशीपोटी ने. आणि हात उडतोय त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेव, झोपेतलाही.