पाचवं बल शोधताना सिम्युलेशनवर किती विसंबायचं?

धंतोलीकर: माहीत असलेल्या चार बलांपलीकडे (गुरुत्व, विद्युतचुंबकी अन् अणुकेंद्रातली दोन) पाचवं आहे का, ते शोधणारे प्रयोग फार बारीक मोजमापाचे. सिॲटलच्या गटाने ०.०५२ मिलिमीटरपर्यंत न्यूटनचा नियम तपासलाय. पण अशा शोधनिबंधांत आता पानंच्या पानं सिम्युलेशनची, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आकडेमोडीची! माझं मत, यंत्र काय सांगतं ते ऐका. १९८८ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ६०० मीटर उंच टीव्ही टॉवरवर गुरुत्व मोजलं. जमिनीवरच्या मोजणीवरून वर किती हवं, ते गणिताने काढलं. जुळेना, म्हणून न्यूटनच्या नियमात खोट असल्याचा दावा झाला. शेवटी घोळ निघाला गणितात.

महालचा मास्तर: भाऊ, गणितात नाही, त्यात घातलेल्या आकड्यांत. गाडी पोचते अशा, आसपासपेक्षा जरा उंच जागांवरच जास्त मोजणी झाली होती. आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर मोजायचं अन् अंबाझरीकडचा उतार सोडून द्यायचा, तसं. हे सापडलं ते भूभागाचा हिशेब पुन्हा मांडूनच. टॉवरवर कितीही चढले असते तरी कळलं नसतं.

सक्करदरा एक्सप्रेस: मंग म्युऑनचं, इलेक्ट्रॉनच्या त्या जड भावाचं, काय? २०२१ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेचा त्याच्या चुंबकत्वाचा आकडा आला, ब्रूकहेवनच्या जुन्या मोजमापासोबत धरला तर सिद्धांताशी फरक ४.२ सिग्मा, म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये इतका. लगेच नव्या बलाच्या बातम्या. त्याच दिवशी दुसऱ्या एका गटाचं सुपरकॉम्प्युटरवरचं लॅटिस गणित (अवकाश-काळाची जाळी कल्पून केलेलं) छापून आलं, त्यात फरक बराच कमी. २०२५ मध्ये सिद्धांतवाल्यांनी लॅटिसचाच आकडा धरला आणि फरक गायब. मोजमाप जागच्या जागी अन् शोध हवेत! उद्या तिसरं गणित आलं तर, बाप्पा?

महालचा मास्तर: जुन्या सैद्धांतिक आकड्यातला कळीचा भाग कुठून आला होता? इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या मोजमापांतून, म्हणजे तुमच्या लाडक्या यंत्रांकडूनच. २०२३ मध्ये रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या प्रयोगाने त्या मोजमापांशी न जुळणारा आकडा दिला. यंत्रांतच भांडण, तर ऐकायचं कोणाचं? लॅटिसचं गणित निदान अनेक गटांनी स्वतंत्रपणे करून पाहिलं.

धंतोलीकर: बरं, मग एक अट. फर्मीलॅबने मोजणीच्या घड्याळाची खरी वारंवारता लिफाफ्यात बंद करून गटाबाहेरच्या माणसांकडे दिली होती, उत्तर बघून विश्लेषण वाकवता येऊ नये म्हणून. सिम्युलेशनवाल्यांनीही असंच झाकून काम करावं.

महालचा मास्तर: काही लॅटिस गट करतात. पण टॉवरसारख्या कामात लिफाफ्याचा काय उपयोग? कुठे मोजायचं हे ठरलं तिथेच चूक झाली होती.

सक्करदरा एक्सप्रेस: म्हणजे आधी शेतात उतरा, मग कॉम्प्युटर लावा. हे मात्र पटलं.