'कंट्री हाउस'ला वाडा म्हणावं का?

फुलपात्र: इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या हार्डविक हॉलवरचा लेख मराठीत करतेय. चार लग्नं केलेल्या बेस ऑफ हार्डविक या गडगंज बाईने १५९० ते १५९७ या काळात बांधून घेतलेलं 'कंट्री हाउस', म्हणजे तिथल्या बड्या लोकांचं गावाकडचं भव्य घर. मी सरळ 'वाडा' लिहिलं. संपादक म्हणाले, 'ग्रामीण निवासस्थान' करा. मला घरकुल योजनाच आठवली! आणि 'लाँग गॅलरी'ला काय म्हणू? दीडशे फुटांहून लांब दालन आहे.

तिरफळ: आमच्या रत्नागिरीकडे वाडा म्हणजे गुरांचा. आजी सकाळी 'वाड्यातलं शेण काढ' म्हणून उठवायची. बेसबाईंना तिथे बांधू नका.

जुनी पोथी: मूळ संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण घातलेलं आवार. आत गुरं असोत की सरदार.

उंबरठा: व्युत्पत्ती राहू द्या. वाडा आतल्या बाजूला उघडतो. रस्त्याकडे जाड भिंत आणि दिंडीदरवाजा, उजेड येतो तो चौकातून. हार्डविकला मधला चौकच नाही. 'भिंतीपेक्षा काच जास्त' अशी त्याची ख्याती, तीही काच महाग होती त्या काळात. वर मनोऱ्यांच्या कठड्यांवर बाईंनी स्वतःची 'ई एस' (एलिझाबेथ श्रूजबरी, बेसबाईंचं औपचारिक नाव) ही आद्याक्षरं दगडात बसवलीत, लांबून दिसावीत अशी. एवढा तोरा असेल तर हवेली म्हणा.

ठेचा: गढी का नको? आमच्या गावची देशमुखांची गढी...

उंबरठा: गढीला बुरूज लागतात, तटबंदी लागते. खिडक्यांच्या घराला गढी?

जुनी पोथी: 'हवेली' अरबी-फारसीतून आलेला. 'प्रासाद' असताना उसनवारी कशाला?

ठेचा: पोथीकाका, तुमच्या घरी पाहुणे बसतात तो दिवाणखाना कुठला मग?

फुलपात्र: लाँग गॅलरी राहिली! 'सोपा' चालेल?

उंबरठा: सोपा पुढून उघडा असतो, तोही तळमजल्याला. हार्डविकची मानाची दालनं सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथली छतंही खालच्यांपेक्षा उंच. 'लांब माडी' म्हणा.

तिरफळ: माडी आम्ही पितो.

जुनी पोथी: ती माडाची. ही वेगळी. तमिळमध्येही मजल्याला 'माडी'च म्हणतात.

ठेचा: म्हणजे हाही उसनाच?

तिरफळ: माडी आणि ताडीतला फरक किती जणांना ठाऊक आहे इथे?

ठेचा: नीरा सांगा आधी. ती सकाळीच प्यायची ना?