मदत हवी आहे : कंपायलरच्या चाचण्या इंटेलवर पास होतात, एआरएम बोर्डावर फेल होतात

नमस्कार मंडळी,

बेळगाव आणि खानापूर भागातील शाळकरी मुलांसाठी आम्ही काही जण एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा तयार करत आहोत. तिच्यात व्हेरिएबलची नावे मराठीत किंवा कन्नडमध्ये देता येतात. आमच्याकडे एकाच गल्लीतली मुले दोन्ही माध्यमांच्या शाळांत जातात, म्हणून ही सोय पहिल्यापासून ठेवली आहे. आमचा कंपायलर प्रोग्रॅमचे सी भाषेत रूपांतर करतो आणि पुढचे काम जीसीसी या सीच्या कंपायलरवर सोपवतो. सर्व चाचण्या इंटेलच्या लॅपटॉपवर पास होतात, पण रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डावर, म्हणजे ६४-बिट एआरएम प्रोसेसरवर, काही फेल होतात. त्यांवर ‘एआरएमवर अपेक्षित अपयश’ असा शिक्का मारून पुढे जावे, असा सल्ला मिळाला. तो मला पटत नाही, कारण मुलांच्या हाती लॅपटॉप नव्हे, हेच बोर्ड पडणार आहेत.

एक कारण सापडले आहे. देवनागरी आणि कन्नड, दोन्ही लिप्यांतील अक्षरे यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात तीन बाइट घेतात आणि त्यांतला पहिला बाइट २२४ असतो. इंटेलवर सीमधला साधा कॅरेक्टर प्रकार साइन्ड (ऋण संख्याही धरणारा) असल्याने तो बाइट −३२ असा वाचला जातो आणि लेक्सरमधली, म्हणजे मजकुराचे शब्दांत तुकडे करणाऱ्या भागातली, ‘शून्याहून लहान’ ही अट खरी ठरते. एआरएम लिनक्सवर तोच प्रकार अनसाइन्ड (ऋण संख्या न धरणारा) असल्याने ती कधीच खरी ठरत नाही. अट बदलल्यावर नावांच्या सर्व चाचण्या दोन्हीकडे पास झाल्या. अपूर्णांकांच्या उत्तरात शेवटचा अंक बदलत होता, तोही जीसीसीला गुणाकार-बेरीज एकाच सूचनेत जोडण्यास मनाई केल्यावर थांबला.

खरा पेच भागाकाराचा आहे. ‘सरासरी = बेरीज / संख्या’ अशी ओळ आहे आणि संख्या ० आहे, असे समजा. इंटेलचा प्रोसेसर पूर्णांकांच्या अशा भागाकारावर अपवाद उभा करतो, लिनक्स प्रोग्रॅमला सिग्नल पाठवते आणि तो पकडून आम्ही ‘शून्याने भागता येत नाही’ असा संदेश दाखवतो. एआरएमवर मात्र उत्तर निमूटपणे ० येते आणि प्रोग्रॅम पुढे चालू राहतो. मुलाला सरासरी शून्य दिसते आणि चूक कुठे झाली याचा पत्ताही लागत नाही. शिवाय इंटेलवरही हा मार्ग भरवशाचा नाही : −२१४७४८३६४८ ला −१ ने भागले तरी तोच सिग्नल येतो आणि भाजक शून्य नसताना शून्याचा संदेश दिसतो. सी भाषेने ही दोन्ही वर्तने अनिर्धारित ठेवली असल्याने नियम आमच्या भाषेनेच ठरवावा आणि प्रत्येक भागाकारापूर्वी भाजक तपासणारा कोड घालावा, असे माझे मत झाले आहे. हीच रीत योग्य आहे का, की जीसीसीच्या सॅनिटायझरवर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना चुका पकडणाऱ्या सोयीवर, हे काम सोपवणे बरे?

दुसरी अडचण याहून चिवट आहे. कंपायलर अनेक फाइली वेगवेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांत, वाचतो. एक थ्रेड सिम्बॉल टेबल (प्रोग्रॅममधल्या नावांची यादी) भरतो आणि शेवटी ‘तयार’ हा फ्लॅग १ करतो. दुसरा थ्रेड फ्लॅग पाहून टेबल वाचतो. फ्लॅग व्होलाटाइल होता, म्हणजे दर वेळी मेमरीतूनच वाचला जाई. बोर्डावर क्वचित असे होई की फ्लॅग १ दिसे, पण टेबलातली नोंद रिकामी मिळे. इंटेलवर एका थ्रेडने केलेली लेखने इतरांना त्याच क्रमाने दिसतात, एआरएमवर तशी हमी नाही, त्यामुळे संशय तिथेच गेला. लॅपटॉपवर क्यूईएमयूमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एआरएमचा प्रोग्रॅम चालवला, तर भागाकाराचा दोष हुबेहूब दिसतो, हा मात्र दिसत नाही. खालचा प्रोसेसर इंटेलचाच असल्याने तसे होत असावे.

थ्रेडमधले असे दोष शोधणाऱ्या थ्रेड सॅनिटायझरने लॅपटॉपवरही नेमका त्याच फ्लॅगकडे बोट दाखवले. आता तो सी११ (सी भाषेची २०११ ची आवृत्ती) मधल्या अटॉमिक प्रकारात, रिलीज-अक्वायर क्रमाने, म्हणजे फ्लॅग दिसला की त्याआधीची लेखनेही दिसतील अशा रीतीने, लिहिला आहे. सॅनिटायझर गप्प आहे आणि चाचणीही पास होते. पण मुळात जो दोष क्वचितच दिसत होता, तो आता दिसत नाही एवढ्यावरून तो गेला असे कसे मानावे? अशा दुरुस्तीची खात्री तुम्ही कोणत्या पद्धतीने करता, आणि फ्लॅगऐवजी संपूर्ण टेबलालाच लॉक लावणे अधिक सुरक्षित ठरेल का, याविषयी ज्यांनी एआरएमवर प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. लागेल तो कोड आणि चाचण्यांचे आउटपुट मी इथेच प्रतिसादात देईन.